२,४०० रुपयांचा नवा डिस्प्ले बसवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिन्यांपूर्वी अठरा हजारांना ॲमोलेड फोन घेतला. बायकोच्या जुन्या फोनशेजारी ठेवला की त्याचा पांढरा रंग पिवळट दिसतो. रात्री ब्राइटनेस तळाला नेला की करड्या भागावर हिरवट झाक येते. दुपारी रस्त्यावर नकाशा वाचता येत नाही आणि झोपण्याआधी तासभर वाचलं की डोकं चढतं. सर्व्हिस सेंटरने ‘हे असंच असतं’ म्हणून परत पाठवलं, आणि चौकातला दुकानदार २,४०० रुपयांत ‘ओरिजिनल क्वालिटी’ डिस्प्ले बसवून देतो म्हणतोय. बसवू का?

नका बसवू. मी सोलापुरात सतरा वर्षं मोबाइल दुरुस्ती करतोय, डिस्प्ले बदलण्यावरच माझं घर चालतं, तरी सांगतोय. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण असेच प्रश्न घेऊन माझ्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी येतंच.

पहिली गोष्ट, तुम्ही ही एकच तक्रार समजून लिहिलंय, पण त्या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि चारींची कारणं वेगळी. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्क्रीन बिघडलेली असणं वेगळं, स्क्रीन मुळातच हलकी असणं वेगळं, आणि स्क्रीन ठणठणीत पण सेटिंग भलतंच असणं हे तिसरंच. बिघाड दुरुस्त होतो. सेटिंग फुकटात बदलतं. हलका माल मात्र पैसे टाकून चांगला होत नाही, आणि बाजारातला स्वस्त डिस्प्ले बसवला तर तो आणखी हलका होतो. तुमचा फोन मी हातात घेऊन पाहिलेला नाही, त्यामुळे काही ठिकाणी ‘असं असेल तर’ म्हणावंच लागेल. पण तपासायचं कसं ते सांगतो. घरबसल्या एका दिवसाचं काम आहे.

पिवळेपणापासून सुरू करू, कारण ही सर्वांत फसवी तक्रार. आपल्या डोळ्याला ‘खरा पांढरा’ असा ठरलेला नसतो. शेजारी जे असेल त्याच्याशी तो तुलना करतो. ट्यूबलाइटखाली वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला पिवळ्या बल्बची खोली आजारी वाटते, तसंच हे. स्क्रीनच्या पांढऱ्याचं प्रमाण साधारण ६,५०० केल्विन (उजेडाची उबदार-थंड छटा मोजायचं एकक) धरतात. दुपारच्या उजेडाचा पांढरा. पण बरेचसे फोन, विशेषतः जुने एलसीडीवाले, कारखान्यातूनच निळसर सोडलेले असतात, कारण दुकानाच्या दिव्यांखाली निळसर पांढरा जास्त झगझगीत वाटतो. वहिनींचा फोन तसा असेल तर तुमचा बरोबर असूनही शेजारी पिवळा दिसणार. मग दोष कुणाचा ते कसं ठरवणार? कोरा पांढरा कागद घ्या, सकाळी खिडकीपाशी उभे राहा, ऊन थेट पडू देऊ नका, आणि दोन्ही फोनवर कोरं पान उघडून कागदाशेजारी धरा. कागदाच्या जवळ कोण जातंय बघा. त्यानंतर सेटिंगमध्ये रंगांचा मोड बदलून बघा. ‘व्हिव्हिड’ मोड बहुधा निळ्याकडे झुकतो, ‘नॅचरल’ पिवळ्याकडे. बऱ्याच फोनांत खाली एक पट्टी असते, ती थंड-उबदार अशी सरकवता येते.

एक प्राथमिक शाळेतले गुरुजी माझ्याकडे तीनदा आले होते. स्क्रीन पिवळी पडली म्हणून डिस्प्ले बदलायचा होता. शाळेआधी सकाळी येत, तेव्हा स्क्रीन पांढरीशुभ्र. मी म्हणायचो, गुरुजी काही नाही हो. तिसऱ्या वेळी ते चिडून संध्याकाळी साडेसातला आले आणि माझ्यासमोर धरून म्हणाले, आता बघा. खरंच हळदीसारखी पिवळी. नातवाने आय कम्फर्टचं, म्हणजे रात्री स्क्रीन पिवळी करणाऱ्या सोयीचं, वेळापत्रक लावून ठेवलं होतं, सूर्यास्त ते सूर्योदय. तेव्हापासून पिवळेपणाची तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारतो, दिवसा पण दिसतं का? तुम्हीही नाइट लाइट, आय कम्फर्ट, रीडिंग मोड, बेडटाइम मोड, जे जे असेल ते बंद करून बघा. आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारी सोय असेल तर तीही. यात एक मेख आहे. ‘स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर बघा’ ही युक्ती सगळे सांगतात आणि ती चांगलीच आहे, पण पिवळेपणासाठी नाही. हे मोड रंग बदलतात ते अगदी शेवटच्या पायरीवर, त्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये ते सहसा येतच नाहीत. रेघ, डाग, पट्टा यांसाठी स्क्रीनशॉट वापरा. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता हिरवट झाक. तुमच्या चार तक्रारींपैकी खरा दोष असू शकेल अशी ही एकच. एलसीडीमध्ये मागे एक दिवा असतो आणि पुढचे स्फटिक तो कमी-जास्त झाकतात. ॲमोलेडमध्ये मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. लाल, हिरवा, निळा असे लाखो बारीक दिवे, प्रत्येकाला आपापला विद्युतप्रवाह. भरपूर उजेडात त्यांच्यातला फरक कळत नाही. पण ब्राइटनेस तळाला नेला की प्रवाह इतका कमी होतो की चार दिवे जरा जास्त पेटतात, चार जरा कमी, आणि करड्या रंगात हे पटकन उघडं पडतं. पांढऱ्यात झाकलं जातं, काळ्यात ठिपके विझलेलेच असतात. मधला करडा मात्र काही लपवत नाही.

तपासायचं असं. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा, दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. एकसारख्या गडद करड्या रंगाचं चित्र पूर्ण स्क्रीनवर लावा आणि ब्राइटनेस सर्वांत खाली न्या. अख्ख्या स्क्रीनवर एकसारखी हलकी झाक दिसली, आणि पट्टी पाव भागापर्यंत वर नेल्यावर ती नाहीशी झाली, तर तो हलक्या पॅनलचा, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या थराचा, स्वभाव. कमी किमतीच्या फोनांत हे सर्रास असतं, आणि महागड्यांतही नसतंच असं नाही. पण झाक एकाच बाजूला असेल, मधोमध सरळ सीमा दिसत असेल म्हणजे अर्धी स्क्रीन गुलाबी नि अर्धी हिरवी, किंवा दिवसाच्या ब्राइटनेसवरही राहत असेल, तर तो दोष आहे आणि वॉरंटीत बसायला हवा. अजून एक करून बघा. रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा, १२० वरून ६० वर पक्का करा आणि तेच चित्र पुन्हा बघा. काही फोनांत रेट आपोआप बदलतो त्या क्षणी करडा रंग किंचित हलतो, कारण दोन रेटसाठी रंगांची जुळणी वेगवेगळी केलेली असते. एका रेटवर झाक आणि दुसऱ्यावर नाही, असं निघालं तर पॅनल बरं आहे, जुळणी कच्ची आहे, आणि ती एखाद्या अपडेटमध्ये सुधारू शकते.

या झाकेचा फोटो काढून मला पाठवू नका, सर्व्हिस सेंटरलाही फक्त फोटोवर विसंबून पटवू नका. अंधारात कॅमेरा स्वतःच पांढऱ्याचा अंदाज बांधतो आणि हिरव्याचा जांभळा करून मोकळा होतो. फोन प्रत्यक्ष दाखवा, आणि दाखवताना त्यांच्या टेबलाखाली सावलीत धरा. ट्यूबलाइटच्या झोतात हे त्यांना दिसणारच नाही, आणि ‘असंच असतं’ हे उत्तर बऱ्याचदा तिथूनच येतं.

उन्हात न दिसण्याची तक्रार सोलापूरकराला शिकवावी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारी फोन आरशासारखा होतो, स्वतःचं घामेजलेलं तोंड तेवढं दिसतं. इथे खोक्यावरचा आकडा लोकांना फसवतो. स्क्रीनची उजळता निट्समध्ये मोजतात. जाहिरातीत दोन हजार, तीन हजार, साडेचार हजार असे ‘पीक’ लिहिलेले असतात. हे पीक म्हणजे स्क्रीनच्या छोट्याशा तुकड्याने, खास प्रकारच्या व्हिडिओत, थोड्या वेळासाठी गाठलेली उंची. अख्खी पांढरी स्क्रीन तेवढी कधीच पेटत नाही. तुम्हाला नकाशा बघायचाय, म्हणजे जवळजवळ अख्खी स्क्रीन उजळ. त्यासाठी जो आकडा लागतो तो ‘हाय ब्राइटनेस मोड’चा, म्हणजे कडक उन्हात अख्खी स्क्रीन उजळते तेव्हाचा, आणि तो पीकपेक्षा बराच खाली असतो. दोन फोनांची तुलना करायची तर हाच आकडा बघा. तो लिहिलेलाच नसेल तर दुकानाबाहेर उन्हात जाऊन बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान.

तुमच्या फोनबाबत मात्र मला एक शंका आहे. ब्राइटनेसची पट्टी तुम्ही हाताने शंभर टक्क्यांवर नेता आणि ऑटो बंद ठेवता का? बऱ्याच फोनांत हाताने नेलेली कमाल ही खरी कमाल नसते. वरचा जोर कंपनीने ऑटो ब्राइटनेसच्या हाती ठेवलेला असतो, सेन्सरला कडक ऊन जाणवलं तरच तो सुटतो. ऑटो चालू करून उन्हात दोन-तीन सेकंद थांबा, फरक दिसेल. काही फोनांत ‘एक्स्ट्रा ब्राइटनेस’ नावाचं वेगळं बटणही असतं. सेन्सर बहुधा वरच्या कडेला काचेखाली असतो. काळ्या पट्टीचा टेम्पर्ड ग्लास तिथे चुकीचा बसलाय का तेही बघा.

उन्हात फोन आधी उजळतो आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप मंदावतो, तोही बिघाड नाही. एक डिलिव्हरीवाला पोरगा गेल्या उन्हाळ्यात वैतागून आला होता. हँडलच्या होल्डरमध्ये फोन, काळं जाड कव्हर, नकाशा चालू, चार्जिंग चालू आणि वरून बेचाळीस डिग्री. फोन तापला की तो स्वतःला वाचवायला आधी स्क्रीन मंद करतो. त्याचं कव्हर काढलं आणि चालू गाडीवर चार्जिंग करू नको म्हणून सांगितलं, तेवढ्यावर काम झालं. पैसे घेतले नाहीत, पण चहा घेतला. आणि उन्हात गॉगल लावत असाल तर फोन आडवा-उभा फिरवून बघा. पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन एका कोनात चक्क काळ्या दिसतात. गॉगल आणि स्क्रीन, दोन्हींत पोलरायझर असतो, म्हणजे एकाच दिशेचा उजेड आरपार सोडणारा थर, ते एकमेकांना आडवे आले की उजेड अडतो. एक जण याच कारणाने नवाकोरा फोन परत करायला निघाला होता.

डोकं चढण्याचं काय? इथे मी डॉक्टर नाही हे आधी सांगतो. चाळिशीच्या आसपास असाल तर पहिल्यांदा चष्म्याचा नंबर तपासा. जवळचं वाचायला त्रास होणं त्या वयात अगदी नेहमीचं आहे आणि त्याचं खापर मात्र फोनवर फुटतं. पण फोनचाही हात असू शकतो. बरेचसे ॲमोलेड ब्राइटनेस कमी करताना ठिपके मंद करत नाहीत, ते झपाट्याने चालू-बंद करतात. बंद राहण्याचा वेळ वाढवला की डोळ्याला मंद वाटतं. काही फोनांत हे सेकंदाला २४० वेळा होतं, काहींत ४८०. अलीकडचे काही फोन १,९२०, २,१६० किंवा ३,८४० हर्ट्झ असं अभिमानाने लिहितात. आकडा जितका मोठा, तितका त्रास सहसा कमी. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, काहींना मात्र वीस मिनिटांत डोळ्यांमागे ठसठस सुरू होते. हे माणसागणिक बदलतं, त्यामुळे मित्राला त्रास नाही म्हणून तुम्हालाही होत नसणार, असं कुणी म्हणू नये.

घरी बघायचं तर दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायचा मोड) उघडा, शटर एक भागिले दोन हजार सेकंदाच्या आसपास ठेवा आणि तुमच्या फोनची पांढरी स्क्रीन कमी ब्राइटनेसवर त्यातून बघा. काळे जाड पट्टे सरकताना दिसले म्हणजे उघडझाप ठळक आहे. पट्टे बारीक आणि पुष्कळ असतील तर वेग जास्त. आता ब्राइटनेस वाढवत न्या, पट्टे फिके होत जातील. यातच उपाय आहे. रात्री स्क्रीनची पट्टी मध्यावर ठेवा आणि अंधार करायचा तो अँड्रॉइडच्या ‘एक्स्ट्रा डिम’ने करा. अँड्रॉइड १२ पासून ही सोय आली आहे, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत शोधा. तिच्यात चित्राचे रंगच गडद होतात, मूळ ब्राइटनेस जागेवर राहतो, म्हणून लुकलुक वाढत नाही. तुमच्या फोनमध्ये ‘डीसी डिमिंग’ किंवा ‘फ्लिकर कमी करा’ असं काही असेल तर तेही चालू करा. मात्र त्याने तळाच्या ब्राइटनेसवर हिरवट झाक थोडी वाढू शकते, तेव्हा दचकू नका. आणि खोलीत एक छोटा दिवा चालू ठेवून वाचा. मिट्ट काळोखात पेटती स्क्रीन कितीही चांगली असली तरी डोळ्यांवर ताण येतोच.

आता त्या २,४०० च्या डिस्प्लेकडे येतो, कारण खरा खड्डा तिथे आहे.

आमच्या धंद्यात डिस्प्लेला कुणी फोल्डर म्हणतं, कुणी कॉम्बो. काच, टच आणि पॅनल असं एकत्र चिकटलेलं. माल मुंबईहून किंवा दिल्लीच्या करोल बागेतून येतो आणि एकाच मॉडेलचे तीन-चार प्रकार असतात. सर्वांत खाली टीएफटी किंवा इनसेल, म्हणजे एलसीडी, ॲमोलेडच्या जागी बसेल अशी बनवलेली. वर ओलेड, म्हणजे ॲमोलेडच्याच जातीचा, त्यातही हार्ड (काचेवर बनवलेला) आणि सॉफ्ट (लवचीक प्लास्टिकवर बनवलेला). त्याच्यावर ‘पुल’, म्हणजे दुसऱ्या फोनमधून काढलेला मूळ पॅनल. आणि शेवटी कंपनीचा सीलबंद सर्व्हिस पॅक. ‘ओरिजिनल क्वालिटी’ हे यातल्या कुणाचंच नाव नाही. ‘क्वालिटी’ शब्द जोडला की ते ओरिजिनल नसतं, एवढं पाठ करून ठेवा. अठरा हजारांच्या ॲमोलेड फोनला २,४०० मध्ये, मजुरी धरून, जवळजवळ नक्कीच इनसेल बसणार.

इनसेल बसली की काय होतं? तुमचा अंगठ्याचा ठसा स्क्रीनखाली असेल तर तो मेला. तो सेन्सर पॅनलच्या आरपार बोटाकडे बघतो आणि एलसीडीचा मागचा दिवा त्याच्या आड येतो. काळा रंग काळा राहत नाही, राखाडी होतो. डार्क मोडमुळे वाचणारी बॅटरी वाचत नाही. लॉक स्क्रीनवर सतत दिसणारं घड्याळ बहुधा जातं. पॅनल मुळापेक्षा जाड असतो, त्यामुळे फ्रेमच्या वर किंचित उचललेला राहतो, नख अडकतं, आणि पहिल्यांदा पडला की तिथूनच फुटतो. शिवाय फोन उघडल्यामुळे कारखान्याचा गोंद तुटतो, पाण्यापासून जो काही बचाव होता तो जातो, आणि तुमची उरलेली चार महिन्यांची वॉरंटी कंपनी मानत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. धंद्याच्या सुरुवातीला नाही, चांगला बारा वर्षांचा अनुभव असताना, मी एका गिऱ्हाइकाला असा डिस्प्ले बसवून दिला. पुरवठादाराने ओलेड म्हणून पाठवला, मी डबा बघितला, पॅनल बघितला नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आलं, म्हणालं बोट घेत नाही. मी अर्धा तास सेटिंगमध्ये घालवला. मग शटर अर्धं खाली ओढलं, दिवा घालवला, काळं चित्र लावलं, आणि स्क्रीनच्या कडेने दुधाळ उजेड झिरपताना दिसला. ओलेडचा काळा ठिपका विझलेला असतो, त्यातून उजेड येणारच नाही. पैसे परत केले. तेव्हापासून बसवण्याआधी प्रत्येक पॅनल नुसता जोडून अंधारात काळ्या चित्रावर बघतो, आणि गिऱ्हाइकालाही दाखवतो. तुम्ही कधी कुठे डिस्प्ले बदलला तर एवढी एक गोष्ट समोर करून घ्या.

तुमच्याकडे नसलेल्या, पण या चर्चेत लोक हमखास विचारतात त्या तक्रारीही उरकून टाकतो. वरपासून खालपर्यंत हिरवी किंवा गुलाबी रेघ: स्क्रीनशॉट काढा, दुसऱ्या फोनवर बघा. त्यात रेघ नसेल तर सॉफ्टवेअरचा संबंध नाही, फोन रिसेट करून वेळ घालवू नका. पॅनलच्या प्रत्येक उभ्या रांगेला स्वतःची वायर असते आणि खालच्या कडेला केसाहून बारीक सांध्यांनी ती चालवणाऱ्या आयसीला, म्हणजे चिपला, जोडलेली असते. एक सांधा सुटला, एक रेघ. ‘अपडेट केलं आणि रेघ आली’ हे खरं वाटतं, कारण अपडेटनंतर फोन तास-दोन तास तापतो आणि आधीच कच्चा असलेला सांधा त्या उष्णतेत सुटतो, असा माझा अंदाज. काही कंपन्यांनी अशा रेघेसाठी वॉरंटी संपल्यावरही मोफत पॅनल बदलून दिले आहेत. म्हणून आधी कंपनीला विचारा, मग माझ्यासारख्याकडे या.

बोट न लावता आपोआप टच होणं: चार्जर काढून बघा. काढल्यावर थांबलं तर दोष चार्जरचा. स्वस्त चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट टचला बोटासारखा वाटतो. पावसाळ्यात टेम्पर्डच्या कडेने शिरलेला ओलावाही असाच खेळ करतो. स्क्रीनवर मधोमध पांढरट डाग आणि कड उचललेली: हे गंभीर आहे, बॅटरी फुगून आतून दाबतेय. चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न बंद, सरळ दुरुस्तीला. काळी शाई पसरल्यासारखा डाग: पॅनल फुटलाय, आत हवा शिरलीय आणि डाग वाढतच जाणार, तेव्हा दिसतंय तोवर फोटो काढून घ्या. कॅबवाल्यांच्या फोनवर नकाशाच्या ॲपची पट्टी कायमची उमटलेली मी बरीच बघितलीय. ते ॲमोलेडचं वय, सेटिंगने जात नाही. आणि आषाढीनंतर चंद्रभागेची वाळू खिशात घेऊन आलेले फोन. किल्लीने काच सहसा ओरखडत नाही, वाळूने हमखास ओरखडते, कारण वाळूतला गारगोटीचा कण काचेहून कठीण असतो.

रिझोल्युशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा फोन घेताना कामी येईल. साडेसहा इंची स्क्रीनवर १०८० गुणिले २४०० असेल तर इंचाला साधारण ४०५ ठिपके पडतात, ७२० गुणिले १६०० असेल तर २७०. एक फूट अंतरावरून चांगल्या डोळ्याला तीनशेच्या पुढचा फरक फारसा कळत नाही, म्हणून पहिला पुरेसा आणि दुसरा काठावरचा. पण इंग्रजीवर ही परीक्षा घेऊ नका. मराठी वर्तमानपत्राचं पान उघडा, अक्षर लहान ठेवा आणि ‘बुद्ध्यांक’, ‘सूक्ष्म’, ‘वाऱ्याच्या’ असे शब्द बघा. जोडाक्षराचं पोट भरून काळं दिसत असेल, अनुस्वार ठिपका न राहता डाग झाला असेल, तर ती स्क्रीन आपल्या कामाची नाही. माझ्या वडिलांसाठी मी फोन असाच निवडला, दुकानात उभं राहून पंचांग उघडून.

तर तुमच्यापुरतं. या आठवड्यात कागदाची परीक्षा, ऑटो ब्राइटनेस आणि एक्स्ट्रा डिम करून बघा. माझा अंदाज, पिवळेपणा आणि ऊन या दोन तक्रारी तिथेच मिटतील आणि डोक्याचा त्रास बराच उतरेल. अंधारातल्या परीक्षेत हिरवी झाक एकसारखी आणि फक्त तळाला निघाली तर फोन असाच वापरा. मूळ पॅनल किंचित हिरवा असला तरी २,४०० च्या नव्यापेक्षा चार पावलं पुढे आहे. झाक अर्धवट, सीमेची किंवा दिवसाही दिसणारी निघाली तर पुन्हा सर्व्हिस सेंटरला जा, पण या वेळी तोंडी बोलून परत येऊ नका. ‘कमी ब्राइटनेसवर रंग असमान’ असं लिहून जॉबशीट, म्हणजे तक्रार नोंदवल्याची पावती, घ्या, फोन परत केला तरी तिच्यावर कारण लिहून मागा. वॉरंटीतली तक्रार वॉरंटीच्या तारखेआधी कागदावर असणं फार उपयोगाचं पडतं. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे जॉबशीटचा नंबर घेऊनच फोन करा.

टेम्पर्ड घरीच काढून जा, नाहीतर पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवतील. आणि बॅकअप आदल्या रात्री घ्या. डिस्प्ले बदलायला दिला तरी पुष्कळ ठिकाणी आधी फोन पुसून टाकतात, आणि ते तुम्हाला फोन हातात परत मिळाल्यावरच कळतं.